सावित्रीबाई फुले : प्लेगाच्या दिवसांतील एक सेविका

काळेवाडीहून पवना नदी ओलांडून चिंचवडास जाणाऱ्या प्रत्येक मनुष्यास चाफेकर बंधूंचें नांव ठाऊक असतें. त्या तिघां भावांचें घर चिंचवडास होतें, व तेथील चौकास त्यांचें नांव दिलेलें आहे. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला असतां सरकारनें जी सक्ती केली तिच्या संतापानें त्यांनीं रँड नांवाच्या अधिकाऱ्यास मारिलें, व त्याबद्दल ते फांसावर गेले, ही हकीकत आमच्या भागांतील शाळकरी मुलेंही सांगतात. परंतु त्याच वर्षीं, त्याच शहराच्या वेशीबाहेर, त्याच रोगाशीं अगदीं निराळ्या रीतीनें झुंजलेल्या एका वृद्ध स्त्रीची हकीकत तितकी सांगितली जात नाहीं. सावित्रीबाई फुले हें नांव सर्वांस ठाऊक आहे. पण तें मुलींच्या शाळेच्या संबंधानें. त्यांचा अंत कसा झाला असें विचारिलें, तर पुष्कळांस उत्तर देतां येत नाहीं. म्हणून आज त्यांचें चरित्र आम्ही त्या शेवटाच्या बाजूनें सांगत आहों.

हें चरित्र आतांच सांगण्याचें एक कारण आहे. गेल्या पावसाळ्यांत तापाची साथ चालू असतां आम्ही एका वस्तींत गेलों होतों. तेथें एका कुटुंबानें आपला आजारी मुलगा आंतल्या खोलींत गोधडीखालीं निजवून ठेविला होता, व बाहेर कोणी विचारल्यास तो मामाच्या गांवीं गेला आहे असें सांगत होते. त्यांस भीति होती ती तापाची नव्हे. मुलास कोणी उचलून नेईल, घरमालक खोली सोडावयास सांगेल, शेजारीं नळावर पाणी भरूं देणार नाहींत, ही ती भीति होती. मुलगा पुढें बरा झाला. पण त्याच्यासाठीं हांक मारण्याजोगें एकही माणूस त्या आईस त्या वस्तींत दिसलें नाहीं, ही गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. सव्वाशें वर्षांपूर्वीं ह्याच मुलखांत हाच प्रश्न उभा राहिला होता. सावित्रीबाईंनीं त्याला जें उत्तर दिलें तें आमच्या उपदेशकांनीं व मंडळींतील स्त्रियांनीं नीट समजून घेण्याजोगें आहे.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं सातारा जिल्ह्यांतील नायगांव येथें झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गांवचे पाटील होते. त्या काळच्या रूढीप्रमाणें १८४० सालीं, म्हणजे अवघ्या नऊ वर्षांच्या असतां, त्यांचें लग्न पुण्याच्या जोतीराव फुले ह्यांच्याशीं लागलें. तोंपर्यंत त्यांस अक्षरओळख नव्हती. जोतीराव पुण्यांतील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकले होते. अहमदनगरास मिस फरार ह्या अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवीत असत. त्या पाहून आपणही तसेंच करावें असें त्यांच्या मनानें घेतलें. त्यांनीं प्रथम आपल्या पत्नीस शिकविलें. पुढें शिक्षकीचें काम शिकण्यासाठीं सावित्रीबाई अहमदनगरास मिस फरार ह्यांजकडे व पुण्यास मिसेस मिचेल ह्यांच्या नॉर्मल स्कुलांत गेल्या, असें चरित्रकार सांगतात. ह्या दांपत्यानें ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाहीं. एका दिव्यावरून दुसरा दिवा लागला, एवढेंच येथें नमूद करावयाचें.

१८४८ सालीं पुण्याच्या बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा सुरू झाली व सावित्रीबाई तेथें शिकवूं लागल्या. रस्त्यानें जातांना लोक त्यांच्या अंगावर शेण व चिखल टाकीत. म्हणून त्या एक जादा लुगडें बरोबर नेत व शाळेंत गेल्यावर बदलीत. ही गोष्ट आमच्या वाचकांनीं अनेकदां ऐकिली असेल. तिच्यांत लक्षांत ठेवण्याजोगें हें आहे कीं त्या दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच रस्त्यानें गेल्या. लवकरच मुलींच्या तीन शाळा झाल्या, आणि महारमांगांच्या मुलांसाठींही शाळा निघाल्या. १८५२ सालीं सरकारनें ह्या कामाबद्दल फुले दांपत्याचा जाहीर सत्कार केला. त्यांच्या शाळेंतील मुक्ता नांवाच्या मांग जातीच्या मुलीनें आपल्या लोकांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध १८५५ सालीं ज्ञानोदय पत्रांत छापून आला. ज्या वस्तींतील सावली अंगावर पडूं नये म्हणून लोक जपत, त्या वस्तींतील मुलगी आतां स्वतःच्या लेखणीनें बोलूं लागली होती.

पुढील चाळीस वर्षांचा वृत्तांत आम्ही थोडक्यांत सांगतों. परंतु त्यांतील एकेक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत धरावी, कारण शेवटीं त्या सर्वांची गरज लागणार आहे. १८६३ सालीं ह्या दांपत्यानें आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढिलें. फसलेल्या विधवांनीं लाजेपायीं आपलीं अर्भकें मारूं नयेत, गुपचुप येऊन बाळंत व्हावें, असा त्याचा हेतु होता. त्या बायकांचीं बाळंतपणें सावित्रीबाई करीत. अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनीं पुढें दत्तक घेतलें व त्याचें नांव यशवंत ठेविलें. त्यांस पोटचें मूल नव्हतें. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला. १८७३ च्या सप्टेंबरांत सत्यशोधक समाज स्थापन झाला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळांत सत्यशोधक मंडळींनीं उपाशी लोकांसाठीं अन्नाची सोय केली, तेव्हां सावित्रीबाई जुन्नर तालुक्यांत ओतूर येथें राहून त्या कामांत होत्या.

२८ नोव्हेंबर १८९० रोजीं जोतीराव वारले. यशवंत दत्तक असल्यामुळें अंत्ययात्रेच्या वेळीं त्याच्या हक्काविषयीं भाऊबंदांनीं तंटा काढिला. तेव्हां सावित्रीबाईंनीं स्वतः पुढें होऊन मडकें हातीं धरिलें व प्रेतापुढें चालल्या. हिंदु समाजांत त्या काळीं कोणत्याही स्त्रीनें असें केलेलें कोणाच्या पाहण्यांत नव्हतें. त्यानंतर समाजाच्या कामाचा भारही त्यांच्याच शिरावर आला, आणि १८९३ सालीं सासवड येथें भरलेल्या सत्यशोधक परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. यशवंत शिकून डॉक्टर झाला होता व लष्करांत नोकरीस होता. बाई आतां साठी ओलांडून गेल्या होत्या. एवढें आयुष्य श्रमांत घालविलेल्या मनुष्यानें स्वस्थ बसावें असें कोणीही म्हटलें असतें.

अशा वेळीं प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉक्टर व्हिएगस ह्यांनीं हा रोग ओळखिला. लोक घाबरून मुंबई सोडूं लागले, व त्यांच्याबरोबर रोगही रेल्वेच्या वाटेनें चहूंकडे पसरला. थोड्याच महिन्यांत तो पुण्यास येऊन पोहोंचला. आधीं घरांत उंदीर पडत, मग माणसांस कडक ताप भरे, काखेंत किंवा जांघेंत गांठ येई, आणि पुष्कळ रोगी चारपांच दिवसांत मरण पावत. ह्या रोगाचा जंतु १८९४ सालीं हाँगकाँग येथें यर्सिन ह्या शास्त्रज्ञानें शोधिला होता. पण तो जंतु उंदराच्या अंगावरील पिसवांच्या चावण्यानें मनुष्यांत शिरतो, ही गोष्ट सिमों ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं प्रथम पुढें मांडिली, व ती सर्वमान्य होण्यास आणखी कित्येक वर्षें लागलीं. १८९७ च्या जानेवारींत हाफकिन ह्यांनीं मुंबईस आपली नवी लस तयार करून आधीं स्वतःसच टोंचून घेतली होती. परंतु ती अजून लोकांपर्यंत पोहोंचली नव्हती. म्हणजे त्या वेळीं खात्रीचें औषध नव्हतें, व रोग येतो कोठून हेंही कोणास नीट कळत नव्हतें.

रोग्याला घरांतून हलवावें, मोकळ्या जागीं ठेवावें, व त्याच्या घरांतील माणसांसही कांहीं दिवस वेगळें राहावयास लावावें, एवढा एकच उपाय सरकारी डॉक्टरांस दिसत होता. तो उपाय मूळांत मूर्खपणाचा नव्हता. आमच्या खेड्यांतील लोक सुद्धां पुढें हेंच करूं लागले. उंदीर पडूं लागले कीं सगळें गांव घरें सोडून माळावर खोपटीं घालून राही, आणि त्यानें पुष्कळ जीव वांचले. कारण त्यांस ठाऊक नसलें तरी ते उंदीर व पिसवा मागें टाकून जात असत. उपाय बरा होता. तो कोणी करावा व कसा करावा, येथेंच सारें बिघडलें.

१८९६ च्या ऑक्टोबरांतच मुंबईस गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावानें आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. तेथें नेलेलें माणूस परत येत नाहीं अशी बातमी चाळीचाळींतून पसरली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांविषयींचा कायदा झाला व त्यानें अधिकाऱ्यांस पाहिजे ते हुकूम काढण्याची मुभा दिली. मार्च महिन्यांत पुण्यास रँड ह्यांच्या हाताखालीं प्लेग कमिटी नेमिली गेली, व घरें तपासण्याच्या कामीं गोरे शिपाई लाविले. ते बुटांसह देवघरांत व स्वयंपाकघरांत शिरत. बायकांची तपासणी परक्या पुरुषांसमोर होई. सामान रस्त्यावर आणून जाळीत, घरांची जमीन उकरीत, व संशय आला कीं माणसांस गाडींत घालून नेत. १८९७ च्या मे महिन्यांत पंडिता रमाबाईंनींही मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रांत ह्या व्यवस्थेविरुद्ध उघड तक्रार लिहिली. म्हणजे हा केवळ एका पक्षाचा आरडाओरडा नव्हता.

त्याचा परिणाम काय झाला? लोक रोग्यांस माळ्यावर लपवूं लागले. रात्रीं मुकाट्यानें प्रेतें पुरूं लागले. कोठें ताप आला हें शेजारी शेजाऱ्यास सांगेनासा झाला. ज्या कायद्यानें रोग उघडा पाडावयाचा, त्याच कायद्याच्या भीतीनें तो झांकला गेला. अखेर २२ जून १८९७ च्या रात्रीं, राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाचा समारंभ आटोपून गणेशखिंडींतील गव्हर्नरच्या बंगल्याहून परत येत असतां, रँड ह्यांजवर गोळी झाडण्यांत आली. एर्स्ट नांवाचा दुसरा अधिकारी जागींच मेला, व रँड कांहीं दिवसांनीं मरण पावले. चाफेकर बंधूंच्या कृत्याचा न्याय करण्याचें आम्हांस येथें प्रयोजन नाहीं. रोग मात्र त्या गोळीनें गेला नाहीं, व फांसानेंही गेला नाहीं. पुढील सुमारें पंचवीस वर्षांत त्यानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. सरकारनेंही यथावकाश सक्ती सैल केली; लोकांस विश्वासांत घेतल्यावांचून हें काम होत नाहीं, हें त्यांस फार मोल देऊन कळलें.

आतां आपण सावित्रीबाईंकडे वळूं. रँड ह्यांच्या कमिटीचें काम जोरानें चालू होण्यापूर्वींच त्यांनीं आपलें काम आरंभिलें होतें. त्यांनीं यशवंतास बोलावून घेतलें. पुण्याच्या बाहेर हडपसराजवळ ससाणे ह्यांचा मळा होता. यशवंताची सासुरवाडी त्याच घराण्यांतील. तेथें मोकळ्या हवेंत मायलेकांनीं प्लेगाच्या रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. यशवंतानें औषधपाणी करावें, व बाईंनीं रोगी आणावेत, त्यांस धीर द्यावा, त्यांची शुश्रूषा करावी, अशी कामाची वांटणी होती. वाडीवस्तींत, ज्यांच्या दारीं वैद्य किंवा डॉक्टर कधींही येत नसे अशांच्या घरीं, त्या स्वतः जात.

वाचकहो, येथें जरा थांबून पाहा. बाईंनीं केलें तें काय? रोग्यास घरांतून उचललें, गांवाबाहेर मोकळ्या जागीं नेलें, व इतरांपासून वेगळें ठेविलें. सरकारचे शिपाईही नेमकें हेंच करणार होते. उपाय एकच होता. मग एकाच्या पावलांचा आवाज ऐकून लोकांनीं दारें लाविलीं, आणि दुसरीच्या स्वाधीन आपलें मूल केलें, ह्याचें कारण काय? औषधाचा गुण हें कारण नव्हे, कारण औषध कोणाजवळच नव्हतें. आमच्या समजुतीप्रमाणें कारण हें कीं ही बाई त्या दारांत प्लेगाच्या दिवशीं पहिल्यानें आली नव्हती. पन्नास वर्षांपूर्वीं तिनें ह्याच वस्त्यांतील मुलांस अक्षरें गिरवावयास शिकविलीं होतीं. आपल्या अंगणांतलें पाणी त्यांस भरूं दिलें होतें. दुष्काळांत त्यांस भाकर दिली होती. टाकलेल्या बायकांचीं बाळंतपणें तिच्या हातानें झालीं होतीं. साथीच्या वेळीं जो विश्वास खर्च करावा लागतो तो आधीं कित्येक वर्षें थोडाथोडा साठवावा लागतो. बाईंजवळ ती सांठवण होती. रँड ह्यांजवळ फक्त हुकूम होता.

शेवटची हकीकत अशी सांगतात. मुंढव्याच्या महारवाड्यांतील गायकवाड घराण्यांतील एका मुलास प्लेगाची गांठ आल्याचें बाईंस कळलें. त्या तेथें गेल्या. मुलास नेण्यास दुसरें कोणी पुढें आलें नाहीं, तेव्हां छासष्ट वर्षांच्या ह्या म्हातारीनें त्याला आपल्या पाठीवर घेतलें व तशीच मळ्यांतील दवाखान्यापर्यंत चालत गेली. ज्या जातीच्या मनुष्याचा स्पर्श झाला तर आंघोळ करावी असें शास्त्र सांगितलें जाई, त्या जातीचें तापानें फणफणलेलें मूल तिच्या पाठीशीं लागलेलें होतें. तो मुलगा वांचला असें सांगतात. बाईंस मात्र रोगानें गांठलें, व १० मार्च १८९७ रोजीं त्या मरण पावल्या. रँड ह्यांच्या कमिटीचा अंमल पुण्यावर बसला तो त्याच महिन्यांत. जणूं एक रीत संपली व दुसरी सुरू झाली.

यशवंतानें हें काम टाकलें नाहीं. पुढें १९०५ सालीं रोग्यांची सेवा करीत असतां तोही प्लेगानेंच गेला.

येथें आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे, नाहींतर हें चरित्र वाचून कोणी भलताच धडा घेईल. बाई मेल्या म्हणून त्यांचें काम थोर ठरलें असें नव्हे. त्या जगल्या असत्या तर तें अधिक बरें झालें असतें. पिसवांची गोष्ट त्यांस ठाऊक असती, हातीं आजचीं औषधें असतीं, तर रोग्याचे कपडे व अंथरूण वेगळें करून, स्वतःस जपून, त्यांनीं शेंकडों मुलें आणलीं असतीं. आज प्लेगाचा रोगी वेळेवर सांपडला तर साध्या प्रतिजैविक औषधांनीं बरा होतो. १९९४ सालीं आमच्याच बीड जिल्ह्यांत व गुजरातेंत सुरत शहरीं प्लेगाची वार्ता उठली, तेव्हां हजारों लोक सुरत सोडून पळाले. पण १८९७ चा अनर्थ पुन्हां झाला नाहीं. म्हणून प्रेम असावें आणि ज्ञानही असावें. ज्ञानावांचून प्रेम स्वतः बळी पडतें, आणि प्रेमावांचून ज्ञान दारापाशींच अडतें.

ह्या दोहोंची जोड घालण्याचा प्रयत्न पुढें आमच्याच महाराष्ट्रांत झाला. १९७० सालीं डॉक्टर रजनीकांत आरोळे व त्यांच्या पत्नी डॉक्टर मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें काम आरंभिलें. डॉक्टर खेड्यांत राहावयास तयार नाहींत, व परक्या परिचारिकेचें कोणी ऐकत नाहीं, असें पाहून त्यांनीं गांवांतल्याच बायका निवडल्या. त्यांत पुष्कळ निरक्षर होत्या, दलित होत्या, कित्येकींस नवऱ्यानें टाकलें होतें. त्यांस बाळंतपण, जुलाबावरील मीठसाखरेचें पाणी, क्षय व महारोग ओळखणें, स्वच्छ पाणी, ह्या गोष्टी शिकवून त्यांच्या त्यांच्या गांवीं परत पाठविलें. महारोग्यास घराबाहेर काढण्याची चाल त्या गांवांतून हळूहळू गेली, कारण त्यास शिवणारी बाई गांवचीच होती व ती शिवूनही धडधाकट राहिली हें लोक रोज पाहत होते. जगांतील अनेक देशांतून लोक जामखेडास ही रीत शिकावयास आले. पुढें २००५ नंतर सरकारनेंही गांवोगांवीं आशा सेविका नेमिल्या. त्यांतही तत्त्व हेंच आहे कीं आरोग्याची वार्ता ओळखीच्या तोंडून यावी.

परदेशांतही हाच धडा पुन्हां शिकावा लागला. २०१४ सालीं पश्चिम आफ्रिकेंत इबोला नांवाचा भयंकर रोग आला. प्रेतास स्पर्श केल्यानें तो पसरे. म्हणून अंगभर पोशाख घातलेले परके लोक प्रेतें घेऊन जात व नातलगांस जवळ येऊं देत नसत. तेव्हां लोक प्रेतें लपवूं लागले, आरोग्य पथकांवर दगड पडले. मग गांवचे वडीलधारे, मुसलमान व ख्रिस्ती धर्मशिक्षक ह्यांस बोलावून विचारविनिमय झाला. प्रेतास कोणी शिवावयाचें नाहीं, पण घरच्यांनीं दुरून उभें राहून प्रार्थना करावी व आपल्या माणसास मानानें मातींत ठेवावें, अशी रीत ठरली. ती लोकांनीं मानली, व रोग आटोक्यांत येण्यास तिची मोठी मदत झाली. १८९७ चाच आमचा कायदा २०२० सालीं कोविडच्या साथींत पुन्हां हातीं घेण्यांत आला, हें वाचकांस आठवत असेल. त्या वर्षीं आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यांतून किती मजूर पायीं गांवास निघाले, आणि किती घरांनीं खोकला लपविला, हें ज्यानें पाहिलें त्यास १८९७ साल फार लांबचें वाटणार नाहीं.

आतां हें चरित्र आमच्या मंडळ्यांच्या काय कामाचें? काळेवाडी आज खेडें राहिलें नाहीं. कामासाठीं लांबलांबच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेलीं कुटुंबें येथें एकेका खोलींत राहतात, व एका जिन्यावरील लोक एकमेकांचीं नांवें जाणत नाहींत. साथीस ह्याहून सोयीची जागा नाहीं. आणि भीतीसही नाहीं. आमचे उपदेशक व मंडळींतील बहिणी घरोघर जातातच. त्यांनीं साथ येण्याची वाट न पाहतां आपल्या गल्लींतील प्रत्येक दाराची ओळख करून ठेवावी. कोणाच्या घरीं म्हातारें माणूस एकटें आहे, कोण बाई पोटुशी आहे, कोणाचा खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला आहे, हें त्यांस ठाऊक असावें. असा खोकला असल्यास थुंकीची तपासणी करविण्यास त्या मनुष्याबरोबर आपण जावें, त्यास नुसतें जा म्हणून सांगूं नये. क्षयाचें औषध सरकारी दवाखान्यांत फुकट मिळतें; परंतु दोन महिन्यांनीं बरें वाटूं लागलें कीं पुष्कळ लोक तें सोडतात, व तेथेंच घात होतो. तें शेवटपर्यंत चालू ठेवविणें हें शेजाऱ्याचें काम आहे. पावसाळ्यांत डेंग्यूचे डांस घरांतल्याच स्वच्छ सांठलेल्या पाण्यांत वाढतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस ठरवून सगळ्या गल्लीनें पिंपें, कुंड्यांखालच्या ताटल्या व जुने टायर रिकामे करावे. एका घरानें केलें व दुसऱ्यानें न केलें तर उपयोग नाहीं, कारण डांस भिंत ओळखत नाहीं.

आणि ज्या घरांत आजार आला त्या घरावर बोट दाखवूं नये. त्या घरास पाणी, दूध, किराणा पोहोंचता करावा, व रोग्यापासून अंतर कसें राखावें हें आरोग्य सेविकेकडून समजून घेऊन तसें करावें. आजार सांगणाऱ्यास शिक्षा आणि लपविणाऱ्यास शांति, असा जेथें अनुभव येतो तेथें सर्वच लपवितात. सांगणाऱ्यास मदत मिळते असा अनुभव एकदां आला, कीं गोधडीखालचा मुलगा आपण होऊन बाहेर येतो.

शेवटीं एक गोष्ट सांगून हें चरित्र पुरें करितों. गणेशखिंडींतील ज्या गव्हर्नरच्या बंगल्याहून रँड त्या रात्रीं निघाले, तो बंगला आज पुणें विद्यापीठाच्या आवारांत आहे, व २०१४ सालापासून त्या विद्यापीठास सावित्रीबाई फुले ह्यांचें नांव आहे. आमच्या वस्त्यांतील मुलेंमुली तेथें शिकावयास जातात. ज्या कोणास त्या दारांतून जाण्याचा योग येईल त्यानें मुंढव्यापासून हडपसराकडे पाठीवर मूल घेऊन चाललेल्या त्या वृद्ध बाईचें स्मरण करावें. आणि घरीं परत आल्यावर आपल्या जिन्यावर कोणाचें दार पुष्कळ दिवस बंद आहे काय, हें जाऊन पाहावें.